सहाव्या भिडूची खुर्ची

लेट्रिम या आयरिश परगण्यातल्या त्या तिठ्यावर घरं सात, चर्च एक आणि पब एक. पब डेलिया मुल्वीचा. नवरा मार्टी गेला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. त्यानंतरची एकोणीस वर्षं हा प्रयोग तिनं एकटीनं रेटला. प्रयोगच म्हणायचा! दर रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना आटोपली की डेलिया दार उघडायची आणि विंगेतून पात्रं यावीत तसे सहा म्हातारे एकेक करून आत येऊन खिडकीपाशी गोल टेबलाला बसायचे. मग पत्त्यांचा ‘पंचवीस’ रंगायचा. समोरासमोरचे दोघं भिडू, अशा तीन जोड्या. एक गडी कमी पडला की डाव मोडला.

या सहांतला फेस्टस लॉफ्टस टेकडीवर एकटा राहायचा. लग्न नाही, शेजार नाही. आठवड्याचं सगळं बोलणं तो या टेबलावर दोन तासांत उरकून घ्यायचा. तोंडात पाइप असायचा. पान टाकण्याआधी एक झुरका, टाकल्यावर एक. त्याचा भिडू पॅकी म्हणायचा, “याच्या धुराकडे बघूनच कळतं मला, हातात हुकूम आहे की रडगाणं.”

दोन हजार चारच्या मार्चअखेरीला पबमध्ये धूम्रपान बंद झालं. कायदा चुकीचा आहे, असं डेलिया कधी म्हणाली नाही. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबणारा नवरा जिनं पाहिलाय, ती कशाला म्हणेल? तिचा स्वतःचा खोकलाही महिन्याभरात पळाला. फक्त धूर गेल्यावर इतकी वर्षं त्याच्याखाली दडलेले वास वर आले. सांडलेल्या बिअरचा, मोरीचा, ओल्या कोटांचा.

तिनं ओढणाऱ्यांसाठी मागच्या अंगणात पत्रा टाकून बाक ठेवला. फेस्टसनं तो निरखून पाहिला.

“छान आहे. कुत्रा कधी आणतेस?”

“कुत्रा तिथे बसणार नाही,” पॅकी म्हणाला, “त्याला अक्कल असते. तूच बस.”

सगळे हसले. फेस्टसही हसला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गुडघा धरलाय, असा पोस्टमनकडे निरोप आला.

तिकडचा एक अलिखित नियम आहे. पबवाल्यानं गिऱ्हाइकाच्या दारी जायचं नाही. तू का येत नाहीस, असं विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. डेलियानं हा नियम नोव्हेंबरपर्यंत पाळला. तोवर उरलेले पाच जण टीव्हीवरचा सामना बघत बसायचे, एकमेकांशी न बोलता. टेबल मरायला टेकलं होतं. आणि त्या टेबलाशिवाय फेस्टसला जगात कोणी नाही, हे तिला ठाऊक होतं. शेवटी तिनं मनुक्यांचा केक भाजला, फडक्यात बांधला आणि टेकडी चढली.

फेस्टसनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलला नाही. दाढी वाढलेली. गुडघा मात्र ठणठणीत दिसत होता.

“केक आणलाय. आणि ऐक, रविवारी ये. पडदे ओढून घेईन. ओढ तुझा पाइप. काय व्हायचं ते होईल.”

“परवाना घालवशील, बये.”

“माझा आहे, मी घालवीन. पॅकी तुझ्यावाचून भिजल्या मांजरासारखा बसतो रे.”

तो हसला नाही. खाली बघत राहिला.

“रेडिओवर एक डॉक्टर सांगत होता. ओढणारा तर मरतोच, पण शेजारी बसणाराही मरतो. मार्टीनं जन्मात कधी सिगरेट ओढली नाही. हो ना, डेलिया?”

“नाही.”

“वीस वर्षं तो आमच्या टेबलाशी उभा राहून ग्लास भरत होता. माझ्या पाइपसमोर.”

आता तिचं वाक्य होतं. “छे रे, त्याची छाती लहानपणापासूनच अधू,” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. खोटं तर खोटं. पण कितीतरी रात्री हाच हिशेब तिनं स्वतःही मांडला होता, आणि तो क्षणभर तिच्या चेहऱ्यावर उमटून गेला. फेस्टसनं तो वाचला. पन्नास वर्षं चेहरे वाचून पत्ते खेळलेला माणूस तो.

“फेस्टस, तसं नव्हे—”

“केकसाठी आभार हं,” तो हळूच म्हणाला. दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

टेकडी उतरताना तिला सगळं सुचलं. तू एकटा थोडाच होतास, तिथे सगळेच ओढत होते. मार्टीला तुझा पाइप आवडायचा. तुला मी कधीच दोष दिला नाही. एकाहून एक सरस वाक्यं, पडदा पडल्यावर आठवावीत तशी. ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली, त्याच्या फाटकापर्यंत गेली. दुसऱ्यांदा दार ठोठावायचा तिला धीर झाला नाही.

रविवारी पाचही जण तिच्याकडे बघत होते. पॅकीनं विचारलं, “काय म्हणाला म्हातारा?”

“गुडघा म्हणाला.”

“गुडघा!” पॅकी म्हणाला. “पत्ते काय गुडघ्यानं खेळतात?”

कोणी हसलं नाही. कोणी टीव्हीही लावला नाही. पॅकीनं पत्त्यांचा जोड काढला आणि पिसायला घेतला. बराच वेळ तो पिसतच राहिला. पानं मात्र त्यानं वाटली नाहीत.