शिवेवरची बाग

बागेत कोणी नवा माणूस आला की सुक्रामआबा त्याला मधल्या दगडाजवळ जाऊ देत नसत. हातातली झारी खाली ठेवून आडवे येत आणि म्हणत, "दगड मंग वाचजो. पहिले आठे बस." आठे म्हणजे इथे, कुंपणालगतच्या निंबाखाली. तिथे बाक नव्हता, सावलीही धड नव्हती. इस्त्रीच्या कपड्यांतली मंडळी नाइलाजाने रुमाल पसरून बसत. आबा परत झारी उचलून पाणी घालू लागत. पाहुणा वैतागून उठला की मग म्हणत, "कंटाळना ना? पेट्या आठे दोन दिन पडेल व्हत्यात."

मलाही त्यांनी असंच बसवलं होतं. मी म्युनिसिपालटीत कारकून. कचेरी सुटल्यावर थेट घरापर्यंत जाण्याचं बळ पायांत उरत नसे, म्हणून वाटेत या बागेत टेकायचो. बाग म्हणजे तरी काय, गुंठाभर जागा, चार कर्दळी, दोन जास्वंदी आणि मधोमध तो दगड. वेठ बंद करविणाऱ्या सत्पुरुषांच्या स्मरणार्थ, असं त्यावर कोरलेलं आणि खाली दोन वकिलांची व एका शेटजींची नावं. आबांचं नाव त्यात नव्हतं. ते भिल्ल, वस्ती नाल्यापलीकडे, आणि बागेचे माळी.

पेट्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. गोऱ्या साहेबाचा दौरा शिरपूरकडून निघाला की तंबू, पेट्या, कोंबड्यांची खुराडी, सारं वाटेवरच्या गावांनी डोक्यावरून वाहायचं. आपली शीव आली की ओझं खाली. तिथून पुढच्या गावाने उचलायचं. मजुरी विचारायची सोय नव्हती. आबांच्या टाळूवर रुपयाएवढी जागा बिनकेसांची होती. कोणी विचारलंच तर म्हणत, "साहेबनी पेटीनी जागा शे ती."

एका उन्हाळ्यात आबांच्या वस्तीने पेट्या शिवेवरच्या या निंबाखाली आणून उतरवल्या आणि पलीकडच्या गावचं कोणी उचलायला आलंच नाही. उचलू नका, असा निरोप आबाच आधी तिथे देऊन आले होते. मग फौजदाराने वस्तीवाल्यांनाच पुढे चला म्हणून सांगितलं. ते पेट्यांशेजारी बसून राहिले. आबांना पुष्कळ मार बसला. पुढे वकिलांनी अर्ज केले, सभा झाल्या आणि या भागातली वेठ बंद झाली. "वकील चांगला माणूस व्हता," आबा म्हणत, "पन पेटी त्यानी कधी उचलीच नई, मंग खाले ठेवी कशी?" वकिलाला काय आणि म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांना काय, आबा सगळ्यांना अरेतुरेच करत.

मग एकदा मुंबईहून बडे पाहुणे बाग पाहायला येणार असं ठरलं. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, वस्तीतली वीस माणसं दोन दिवस आणा. रस्ता झाडायचा आहे, शामियाना उभारायचा आहे, शाळेतल्या खुर्च्या आणायच्या आहेत. "आणि मजुरीचं काही काढू नका. त्यांच्याच बागेचं काम आहे." मला ओशाळल्यासारखं झालं, पण मी हो म्हटलं. मी नेहमीच हो म्हणत असे.

आबा कर्दळींना पाणी घालत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हाई वेठ शे का, भाऊ?"

"नाही हो आबा. सेवा म्हणायची."

"मंग तू बी येशी ना खुर्च्या उचलाले?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"नोकरी जाईल, आबा," मी आवाज खाली करून म्हटलं. "या वयात दुसरं काम कोण देणार? आणि बागेवाचून राहवेल का तुम्हाला?"

त्यांनी झारीतलं उरलेलं पाणी शेवटच्या कर्दळीला घातलं. या झाडांखेरीज त्यांना घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. "बाग मनी शे," ते म्हणाले. मनी म्हणजे माझी. "पन वस्तीना बठ्ठा लोकेसले मी काय सांगू? मीच सांगेल व्हतं, उचलू नका."

वस्तीतलं कोणी आलं नाही. कार्यक्रमाच्या सकाळी आबा एकटे आले, रोजचं पाणी घातलं, वाळकी पानं वेचली आणि निघून गेले. खुर्च्या शेवटी मास्तरांनी आणि आम्ही कारकुनांनी वाहिल्या. पाहुण्यांनी दगडाला हार घातला आणि ते वेठीवर तासभर बोलले. चांगलं बोलले असं ऐकलं; माझी मान इतकी दुखत होती की मला त्यातला एक शब्द आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बडतर्फीचा हुकूम लिहायला सांगितला. मी लिहिला. तो शिपायाहाती पाठवायची लाज वाटली म्हणून स्वतः घेऊन गेलो, एवढीच काय ती माझी मर्दुमकी. आबा झोपडीपुढे बाजेवर बसले होते. "वाच," म्हणाले. मी वाचलं: आज्ञाभंग, उद्धट वर्तन, आजपासून कामावरून कमी.

"कोनी लिखं?"

"मी."

आता शिव्या खाव्या लागणार असं वाटलं. खरं सांगायचं तर त्या मला हव्याच होत्या. आबांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"माझा इलाज नव्हता, आबा. मला सांगितलं..."

"तुले सांगं, तू लिखं. माले बी सांगेत. वीस वरीस उचलं मी." त्यांनी कागदाची घडी करून बाजेखाली सारली. "एक दिन खाले ठेवं. काहीच व्हस नई रे भाऊ. मार बसस, बस."

त्याच हिवाळ्यात आबा गेले. वस्तीतून निरोप आला तेव्हा मी कचेरीत होतो. हातातला टाक ठेवला आणि तासाभराची रजा मागायला अध्यक्षांपुढे उभा राहिलो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आज टपाल निघायचं आहे."

मी जागेवर येऊन बसलो आणि लिहू लागलो.