दोर घेऊन आलेली माणसं

ही हकीकत मी कित्येक वर्षं टाळली. टाळली म्हणजे सांगितलीच नाही असं नाही; अर्धी सांगितली. भंगारातून एक गाडी कशी उभी केली ते घरी, गॅरेजवर, पुढं नातवंडांनाही रंगवून सांगायचो. एका लग्नाच्या दिवसापाशी आलो की म्हणायचो, "दोन लग्नं एकाच दिवशी आली, धंद्यापुढं इलाज नव्हता." ऐकणारे मान डोलवायचे आणि विषय संपायचा. आता माझं वय झालं आहे. ज्याला खरं सांगायला हवं होतं तो माणूस राहिलेला नाही. म्हणून लिहून ठेवतो. इलाज होता.

ऐंशीच्या दशकात पालघरला, रेल्वेच्या पूर्वेला माझं गॅरेज होतं. आम्ही मूळचे चिंचणीचे, वाडीवाले. तिथल्याच एका ओळखीच्या वाडीत चिकूच्या रिकाम्या पेट्यांखाली एक अमेरिकन गाडी पडून होती. मालकाच्या वडिलांनी ती कधी काळी मुंबईहून हौसेनं आणलेली. लांबलचक, पुढं चकचकीत दात विचकल्यासारखी जाळी आणि मागं दोन्ही बाजूंना वर उचललेले पत्र्याचे पर. मी पाहिली तेव्हा त्यातलं चकचकीत काही उरलं नव्हतं. समुद्राच्या हवेनं क्रोमचे पोपडे सुटले होते, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. भंगाराच्या भावात मी ती घेतली. बायको म्हणाली, "कोंबडी पण दिली का त्यात?"

मूळ इंजिन कामातून गेलं होतं. त्याचे भाग मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्या काळी सगळे करायचे तेच केलं, जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. बोईसरला नळांना क्रोम मारणारा एक छोटा कारखाना होता. बंपर त्यांच्या टाकीत मावेना, तेव्हा आधी एक बाजू बुडवली, मग दुसरी. मधोमध जोडाची रेघ राहिली, ती मी नंबरप्लेटखाली लपवली. अडलं ते मागच्या परांपाशी. ते इतके सडले होते की बोट लावलं तर पत्रा चुरायचा. नवे करायचे तर पत्रा कशावर तरी ठोकायला हवा, आणि तसला बाक असलेला साचा माझ्याकडच्या कुणाला जमेना.

सातपाटीचा एक मिस्त्री बोटी बांधायचा. बोटीच्या इंजिनाच्या कामासाठी तो माझ्याकडे येई, तशी ओळख. त्याला गाडी दाखवली. तो मागं गेला, वाकला, बराच वेळ बघत राहिला.

"शेट, ही गाडी हाय का मुशी?"

मला तो शेट म्हणायचा ते चेष्टेनंच. माझ्या खिशाची अवस्था त्याला ठाऊक होती. मुशी म्हणजे त्यांच्याकडचा शार्क मासा. त्या दिवसापासून गॅरेजमधले सगळे गाडीला मुशी म्हणू लागले.

बोटीच्या कामातून उरलेल्या सागाचे त्यानं दोन साचे केले, एक डावा, एक उजवा. त्याच्यावर पत्रा गरम करून आम्ही दोघं ठोकत बसायचो. पहिला पर झाला तो बोटीच्या नाकासारखा फुगीर. मी हसलो तर म्हणाला, "हात सवयीनं जातो ना तिकडं." तो मोडून दुसरा केला. तरी शेवटी डावा पर उजव्यापेक्षा किंचित उंच राहिलाच. ते आम्हा दोघांनाच दिसायचं.

साचे बघायला मी एकदा सातपाटीला गेलो होतो. किनाऱ्यावर एक बोट वर ओढत होते. जाडजूड दोराला पंचवीस-तीस माणसं लागलेली, त्यात म्हातारेही होते. मिस्त्री रांगेतून ओरडला, "शेट, बघता काय, धरा!" मी धरला. हाळी पडली की सगळे एकदम जोर लावायचे आणि ती अजस्र बोट वाळूतून हातभर सरकायची. माझे तळवे सोलून निघाले. ते पाहून सगळे हसले आणि मला सरबत पाजलं. आपली नसलेली बोट ओढायला एवढी माणसं कशी येतात असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "आज त्याची, उद्या माझी. बोट एकट्याची नाय चढत."

कामाचं काय द्यायचं ते विचारलं तेव्हा त्यानं हात हलवला. "पैसं नको. पोरीचं लगीन हाय पावसाळ्याआधी. तिची वरात या मुशीतून काढा. तवापर्यंत होईल ना?"

"होईल म्हणजे? पहिली वरात तिचीच," मी म्हणालो.

एकदा तो मुलीला घेऊन गाडी बघायला आला. तोवर रंग झाला होता, आकाशी आणि क्रीम. मुलीनं गाडीला एक फेरी मारली आणि बापाला म्हणाली, "बाबा, यात बसले तर लोकं मला बघतील का गाडीला?"

"गाडीलाच बघतील. म्हणून तर सांगितली."

तिनं ओढणी तोंडाला लावून हसू दाबलं. मुलगी गावातच दिली होती. वरात म्हणजे एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात, फार तर दीड-दोन तासांचं काम. सगळ्या सातपाटीला सांगून झालं होतं की मिस्त्रीच्या पोरीला न्यायला मुशी येणार.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा बोईसरच्या एका कारखानदाराचा निरोप आला. त्याच्या मुलाचं लग्न त्याच दिवशी होतं आणि संध्याकाळी वरातीला त्याला माझी गाडी हवी होती. त्याच्या ट्रक-टेंपोंचं काम आपल्याला मिळावं म्हणून मी वर्षभर त्याच्या दारी फिरत होतो. मी लगेच हो म्हटलं.

आजवर मी इथंच थांबत आलो. पण सातपाटीची वरात दुपारी होती आणि बोईसरची संध्याकाळी. मधे गाडी धुऊन, पुसून, फुलं लावून पोचायला पुष्कळ वेळ होता. दोन्ही झालं असतं. मी सातपाटीची वरात टाळली, कारण सीटला नवं क्रीम रंगाचं रेक्झिन चढवलं होतं. मागं पाच-सात बायका दाटीवाटीनं बसतील, त्यांच्या लुगड्यांना, केसांना मासळीचा वास असेल, आणि संध्याकाळी तो कारखानदार शेठ नाक मुरडेल, असं मला वाटलं. हे कुणी सुचवलं नव्हतं. शेठलाही कळणार नव्हतं. माझ्याच डोक्यात आलं. आमच्या घरी रोज मासळी शिजायची, सातपाटीची कोळीण ती दारात आणून द्यायची, आणि तिनं कापून दिलेला मासा माझ्या ताटात चालत होता.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी सातपाटीला गेलो. मिस्त्रीच्या अंगणात मांडव पडला होता. मी म्हणालो, "मिस्त्री, इंजिन जाम झालंय. काही केल्या चालू होत नाही."

मग त्यानंच माझी समजूत घातली. "लोखंड हाय ते, त्याचा काय भरवसा. तुमी नका वाईट वाटून घेऊ." मला पाणी दिलं, लाडू दिला. तो लाडू मी खाल्ला.

लग्नाच्या दिवशी शेठचा माणूस सकाळीच फुलं घेऊन आला. बोनेटवर झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर नवरा-नवरीची नावं. खरं तर चार वाजेपर्यंत निघायची गरज नव्हती. पण सातपाटीचं कुणी पालघरच्या बाजारात आलं आणि दारातली गाडी दिसली तर, या भीतीनं मी दुपार व्हायच्या आतच निघालो. बोईसरचा रस्ता पश्चिमेकडून होता, आणि तिकडं जायचं तर रेल्वेचं फाटक ओलांडावं लागे. ते बंद होतं. मी पहिलाच थांबलो होतो.

रुळांपलीकडे, माझ्या अगदी समोर, मासळीचा एक टेंपो येऊन उभा राहिला. मागं माणसं खच्चून भरलेली, सगळी नव्या कपड्यांत. पुढं मिस्त्री बसला होता. पांढरा सदरा, डोक्याला फेटा. आणि टेंपोच्या टपावर वेटोळं करून ठेवलेला तो बोटीचा दोर.

मला लगेच कळलं. गाडी बंद आहे असं मी सांगितलं होतं. बंद तर बंद. टेंपोला बांधून गावाच्या वेशीपर्यंत न्यायची आणि पुढं हातानं ओढायची, बोट ओढतात तशी. त्यासाठी ही माणसं लग्नघरातून उठून आली होती.

मालगाडी होती. ती संपता संपेना. डब्यांच्या फटींतून तो टेंपो दिसायचा, झाकला जायचा, पुन्हा दिसायचा. मागं वाहनं लागल्यामुळं मला मागंही घेता येईना. इंजिन चालू होतं. मी ते बंदसुद्धा केलं नाही.

फाटक उघडलं तेव्हा टेंपो हलला नाही. मिस्त्री उतरून चालत माझ्याकडे आला. काचेवरची नावं त्यानं वाचली. मग मागं गेला, डाव्या परावरून हात फिरवला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "चालू झाली व्हय? बरं झालं."

एवढंच बोलून तो थांबला. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबला होता. गाडीत जागा होती, वेळ होता, सातपाटी तासाभरावरही नव्हती. मी म्हणालो, "आत्ताच सुरू झाली. जरा चालवून बघत होतो."

टेंपोतून एक तरणा पोरगा ओरडला, "मिस्त्री, मुशी जालं फाडून चालली रं दुसऱ्याच्या वरातीला!" बाकीचे हसले नाहीत.

"गप," मिस्त्री म्हणाला. "घरी लगीन हाय." मग टेंपोवाल्याला हात केला. "फिरव."

संध्याकाळी बोईसरला वरात थाटात झाली. शेठनं गाडीकडे नीट पाहिलंही नाही. मुलगा आणि सून मागं बसले, पुढं बँड वाजत होता, आणि मला आरशात डावा पर दिसत होता.

मिस्त्रीच्या मुलीची वरात टेंपोतून निघाली, हे नंतर कानावर आलं. आमच्याकडे येणारी कोळीण त्या आठवड्यापासून यायची बंद झाली. बायकोनं विचारलं, "काय झालं बाई तिला?" मी म्हणालो, "आजारी असेल." शेठचं काम मला मिळालं. दोन वर्षांनी मुंबईचा एक माणूस येऊन चांगल्या किमतीला गाडी घेऊन गेला. पुढं ती कुठं गेली ते मी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकात एकदा मन घट्ट करून मी सातपाटीला गेलो. मिस्त्री एका नव्या बोटीच्या सावलीत बसला होता, खूप थकलेला. मला पाहून त्यानं जवळची फळी पुसून दिली, चहा मागवला. बोटींच्या इंजिनांविषयी बोलला. मुलीला दोन मुलं झाली होती. मी सतत वाक्य जुळवत होतो. मग त्यानंच विचारलं, "मुशी कशी हाय?"

गाडी विकली हेही मला सांगता आलं नाही. "बरी आहे," म्हणालो.

"डावी बाजू उंचच ऱ्हायली," तो म्हणाला आणि हसला.

निघताना तो रस्त्यापर्यंत पोचवायला आला. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, तेवढंही केलं नाही. दोन पावसाळ्यांनी तो गेल्याचं बाजारात कळलं. त्या फळीवर बसून जे बोलायला गेलो होतो ते एवढंच होतं:

मिस्त्री, गाडी बंद नव्हती. वेळही होता. तुमच्या माणसांचा वास माझ्या सीटला लागेल म्हणून मी खोटं बोललो. तुमची आणि तुमच्या मुलीची मी माफी मागतो.