फोरमनसाहेबांच्या ट्रेलरचा ब्रेक

नंदकुमार कागदाच्या मिलमधून इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि बुऱ्हाणपूरला लालबागेत राहायला आले. मिलने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. हुकूम सोडायची सवय मात्र ते स्वतःच बरोबर घेऊन आले. घरात बल्ब बदलायचा असला, तरी सुमनबाईंना मेन स्विचपाशी उभं राहावं लागायचं.

सुमनबाईंनी चौतीस वर्षं हे चालवून घेतलं. त्यांची मागणी एकच होती, तीही जुनी: पचमढी बघायची. दरवर्षी बेत ठरायचा आणि नेमकं त्याच आठवड्यात मिलमधलं एखादं मशीन बंद पडायचं. निवृत्तीनंतर ही सबब उरली नाही. मग नंदकुमारांनी केळीच्या व्यापाऱ्याकडून जुनी पिकअप घेतली आणि तिच्यामागे जोडायला ट्रेलर, म्हणजे चाकांवरची एक खोलीच, बनवून घेतली. आत पलंग, गॅस, देवापुरता कोनाडा. बस चालली असती, असं सुमनबाई म्हणाल्या, पण तोवर पडद्याचं माप घेऊन झालं होतं.

खोली जड, म्हणून तिच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक. पिकअपचा ब्रेक दाबला की डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरच्या डबीतून मागे करंट जाणार आणि खोलीचीही चाकं धरली जाणार. जोडणी नीट झाली की डबीवर हिरवा ठिपका लागतो, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. तो काही लागेना. सुमनबाईंनी सांगून टाकलं की ठिपक्याशिवाय मी घाट चढणार नाही, आणि रविवारपर्यंत जमलं नाही तर खोली निंबोल्याच्या किरणला चिप्स तळायला देऊन टाकायची. हा किरण त्यांचा भाचा. तो दोनदा येऊन कढई कुठे बसेल ते बघूनही गेला होता.

मंगळवारी नंदकुमार पाना घेऊन बसले. स्वतः पुढे, सुमनबाई मागे उन्हात. पहिल्याच दिवशी सुमनबाईंनी ओरडून सांगितलं की तुम्ही ब्रेक दाबला की मागचे दिवे मंद होतात. दिव्यांचं सोड, ते लागतायत म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असं म्हणून फोरमनसाहेबांनी फ्यूज बदलला. बुधवारी सुमनबाईंनी तेच सांगितलं, तेव्हा नंदकुमारांनी कंट्रोलर खोलला. गुरुवारी त्यांनी सगळं वायरिंग नव्याने ओढलं आणि त्यानंतर हॉर्न दाबला की वायपर हलू लागला. शुक्रवारी त्यांनी परदेशातल्या एका माणसाचा व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि तो माणूसच अडाणी आहे, असा निष्कर्ष काढला.

शनिवारी त्यांनी हात टेकले. सुकलाल मिलमध्ये त्यांचा हेल्पर होता, आता त्याचं बॅटरी-वायरिंगचं दुकान होतं. त्याच्यापुढे अडलंय म्हणायची फोरमनसाहेबांना भारी लाज. म्हणून त्यांनी फोन केला तो चहाला ये म्हणून. सुकलाल चहाला आला तो टेस्ट लॅम्प घेऊनच.

त्याने डबीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मागे गेला.

"भाभी, पीछे तुम्हीच उभ्या होत्या ना? क्या दिखा?"

सुमनबाईंनी दिव्यांचं सांगितलं. सुकलालने मान डोलावली. साहेबांना ब्रेक दाबून धरायला सांगून, बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर काढून त्याने ट्रेलरच्या उघड्या लोखंडाला टेकवली. चाकांत खट्‌ आवाज झाला आणि डबीवर ठिपका हिरवा झाला.

"साहेब, अर्थिंगच नाही," तो एवढंच म्हणाला आणि ट्रेलरखाली शिरला.

अर्थिंगचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा, बोल्ट आवळला होता चांगला, पण रंगाच्या तीन थरांवर. साहेब लोकांचा राउंड असला की मिलमध्ये जे जे हलत नाही त्याला रंग फासायची पद्धत होती. नंदकुमारांनी त्याच सवयीने ट्रेलरही स्वतःच्या हाताने रंगवून काढला होता. दिव्यांना लागणारा जरासा करंट पिकअपला जोडणाऱ्या हुकातून कसाबसा परत यायचा, ब्रेकला तेवढ्याने भागत नव्हतं, उलट दिवेच मंद व्हायचे. सुकलालने पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत घासलं, बोल्ट आवळला, वायपरही ताळ्यावर आणला आणि चहा पिऊन गेला. साहेबांकडे बघून तो हसला नाही, हे त्याचे उपकारच.

सुमनबाई अजून ट्रेलरच्या मागेच उभ्या होत्या. नंदकुमारांनी केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"आता तरी घाटाची भीती नाही ना?"

"घाटाची कधीच नव्हती," सुमनबाई म्हणाल्या. "मागून मी काही सांगितलं तर तुम्ही ऐकाल का, याची होती. मंगळवारपासून सांगतेय."

नंदकुमारांनी मान आत घेतली. स्टिअरिंगवर ते बोटं वाजवत बसले, मग समोर बघतच पुटपुटले, "चुकलं माझं."

"जरा मोठ्याने बोला," मागून आवाज आला. "इथे ऐकू येत नाही."