दुरुस्ती म्हणून आणलेला कॉम्प्युटर

बाबा गेल्यानंतरचे काही महिने मी फोनवर एकच गोष्ट बघत असे. लोक कॉम्प्युटर जोडताना. गेमिंगचा कॉम्प्युटर, सुटे भाग आणून घरी जोडलेला. कुणीतरी अनोळखी माणूस टेबलावर मदरबोर्ड ठेवतो, त्यावर प्रोसेसर अलगद बसवतो आणि हिंदीत सांगत राहतो की बजेट कमी असेल तर पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा. वॅट, मिलीमीटर, तापमान. त्यात कुणी मरत नाही आणि आई आता कशी आहे असं कुणी विचारत नाही. मला तेवढंच झेपत होतं.

बाबा पौषात गेले. कारखान्यातून घरी आले, बूट काढायला खाली वाकले आणि उठलेच नाहीत. दाखला मी काढला, पेन्शनची कागदपत्रं मी फिरवली, नागपूरहून आलेल्या पाहुण्यांच्या गाद्या मी घातल्या. "मुलगी खंबीर आहे हो," असं अवधपुरीतल्या आमच्या कॉलनीत जो तो म्हणायचा. मला त्या शब्दाचा वीट आला. खंबीर वगैरे काही नव्हते मी. दाढ काढताना इंजेक्शन देतात, त्यानंतर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. मी रडू दाबून धरलं होतं असंही नाही. ते आलंच नव्हतं.

एम. पी. नगरमधल्या एका कोचिंगमध्ये मी फिजिक्सचे पेपर काढते. ते काम मात्र चालू राहिलं, उलट बरं झालं, कारण घर्षण आणि वेग यांना सांत्वन करता येत नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते आणि लक्षात आलं की पोळी हातात तशीच आहे आणि मी मघापासून एकाच विचारात आहे: प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं येईल का? म्हणजे मला ते हवं होतं. हे मला जरा विचित्रच वाटलं. कित्येक महिन्यांत मला काहीही हवंसं वाटलं नव्हतं, ना साडी, ना सिनेमा, ना चहा. आणि आता एक कॉम्प्युटर हवा होता, ज्यावर एका मोठ्या जंगलातून नुसतं चालत राहायचा गेम नीट चालेल. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मी तो खेळले होते, अडखळत, थांबत. मला भीती वाटली की हे हवं असणंही संपलं तर मग काहीच उरणार नाही. म्हणून मी ते फार जपलं.

साठ हजारांच्या आत बसवायचं होतं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना सांगते, यात सगळं भांडण ग्राफिक्स कार्डाशी असतं. चित्र पडद्यावर आणायचं काम त्याचं, त्यामुळे अर्धा पैसा ते एकटं खातं, आणि उरलेल्यात बाकीच्यांनी गपगुमान भागवायचं. कागदावरच्या यादीत मी प्रोसेसर उतरवला, कार्ड चढवलं. रंगीत दिवे लागणारी रॅम काढून साधी घातली. थंड करायचा पंखा प्रोसेसरबरोबर येतो तोच ठेवला. दर संध्याकाळी काहीतरी काढायचे, काहीतरी घालायचे. आनंद होत नव्हता, पण लक्ष लागत होतं, आणि त्या दिवसांत तेही खूप होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. "घे ना," म्हणाली, "तुझे पैसे आहेत." आणि मग विळी थांबली. "पण वर्षाच्या आत?"

आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर नवीन वस्तू घरात आणत नाहीत. सण करत नाहीत, लग्नाला जात नाहीत, नवीन काही घेत नाहीत. कुणी पाळतं, कुणी नाही पाळत. आमच्या घरात ते पाळलं जात होतं, कारण नागपूरला आत्या होती. बाबांची मोठी बहीण. ती रोज फोन करायची आणि तिला सगळं कळायचं.

"काहून गं?" आत्या फोनवर म्हणाली. "भाऊ जाऊन अजून वर्ष नाही झालं, अन् तू टीव्ही आणून राहिली?"

"टीव्ही नाही आत्या, कॉम्प्युटर."

"तेच ते. नवीन वस्तू ना? मग थांब की."

मला राग यायला हवा होता. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हा आईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. काय दिसलं तिला कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "ह्यांचा कॉम्प्युटर आहेच की. तो बंद पडलाय. दुरुस्त करून घे."

"आई, तो पंधरा वर्षांचा आहे. त्यातलं काहीही चालणार नाही."

"मग आतलं बदल. डबा तोच ठेव. दुरुस्तीला कोण काय म्हणणार? मागच्याच महिन्यात मिक्सरला नवीन भांडं घेतलं, तेव्हा म्हटलं का कुणी काही?"

आई मूळची इंदूरची. अडलेल्या दारातून वाट काढायची कला तिच्या माहेरची आहे. तिने स्वतः आत्याला फोन लावून सांगितलं की पोरगी बाबांचा कॉम्प्युटर रिपेअर करतेय, त्यात त्याचे फोटो आहेत. फोटो कधीच दुसरीकडे काढून ठेवलेले होते. आत्या विरघळली. "कर म्हणा, कर. त्याची आठवण आहे ती."

तर असं ठरलं. कॅबिनेट बाबांचं, पोट नवीन.

एम. पी. नगरमध्येच दुसऱ्या मजल्यावर एक दुकान आहे, तिथे गेले. दुकानदाराने यादी वाचली आणि विचारलं, "भैया के लिए है?" मी म्हटलं, "मेरे लिए है." मग तो माणसासारखा बोलायला लागला. मी जुना पावर सप्लाय वाचवणार होते, त्याला तिथे सगळे एसएमपीएस म्हणतात. तो म्हणाला, "दीदी, सब जगह बचा लो, यहाँ मत बचाओ. ये गया तो सबको लेके जाएगा." ते मी ऐकलं आणि त्या पैशासाठी कार्ड एक पायरी उतरवायला निघाले. तेवढ्यात त्यानेच दुसऱ्या कंपनीचं तेवढ्याच ताकदीचं कार्ड दाखवलं, स्वस्त, तीन पंख्यांचं, लांबलचक. "कैबिनेट कौन सा है?"

"है घर पे. बड़ा वाला."

"बड़ा है तो आ जाएगा."

बडा वाला! फिजिक्सचे पेपर काढणारी बाई कॅबिनेट कुठलं विचारल्यावर "बडा वाला" म्हणते. पण खरं कारण वेगळं होतं. ते कॅबिनेट आम्ही कुणी उघडलेलंच नव्हतं. बाबा असताना त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ते गेल्यावर आई दर शनिवारी त्याच्यावरचं कापडी कव्हर धुऊन, इस्त्री करून परत घालायची. आत काय आहे, किती जागा आहे, हे बघायचं म्हणजे त्यांचे स्क्रू काढायचे. ते आम्ही दोघींनीही सामान येईपर्यंत पुढे ढकललं. टेबलावर मावेल का म्हणून आईने शिवणाची टेप घेऊन बाहेरून मात्र माप घेतलं होतं. बाबांसारख्या, कारखान्यात आयुष्यभर मापं घेत आलेल्या फोरमनच्या घरात ही गत.

एका रविवारी सकाळी मी कव्हर काढलं, स्क्रू काढले. आत धुळीचा थर होता, आणि तारा त्यांनी सुतळीने नीट बांधून ठेवल्या होत्या. आई दारात उभी राहून बघत होती. मी जुना बोर्ड काढला, नवीन बसवला, रॅम टक् करून बसली, सगळं व्हिडिओत बघितल्यासारखं. शेवटी कार्ड घेतलं. ते दोन बोटं लांब निघालं. हार्ड डिस्क ठेवायची पत्र्याची जाळी समोर आडवी होती, रिव्हेट मारून पक्की केलेली, आणि कार्डाचं टोक तिच्यावर जाऊन थडकत होतं. तिरकं करून पाहिलं, उलट बाजूने पाहिलं. दोन बोटं ती दोन बोटंच.

दुकानदाराला फोन केला. उघडलेला बॉक्स परत घेत नाहीत. "दीदी, नया कैबिनेट ले लो, दो-ढाई हज़ार का आता है." नवीन कॅबिनेट म्हणजे मग सगळंच नवीन, दुरुस्तीचं नावही उरत नव्हतं. आणि पत्रा कापायचा म्हणजे बाबांची वस्तू कापायची. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते कापायचं नाही हं." आवाज चढवून नाही, पण असं की पुढे बोलायची सोय नव्हती.

"नाही कापत," मी म्हणाले. सगळं काढून पुन्हा खोक्यांत घातलं, खोकी पलंगाखाली सरकवली, आणि कव्हर घातलं. मला वाईट वाटलं नाही. हवं असणं जे मी जपत होते, ते गेलं होतं, आणि गेलं हेही मला लांबूनच दिसत होतं. त्यानंतर मी फोनवर ते व्हिडिओ बघणंही सोडलं. कोचिंगमधून यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई येऊन कपाळाला हात लावायची, ताप आहे का बघायला. ताप नसायचा.

गणपती त्या वर्षी आमच्या घरी बसले नाहीत. कॉलनीतल्या मंडपातून आरतीचा आवाज यायचा तेव्हा आई खिडकी लावून घ्यायची. विसर्जन झालं, त्यानंतरच्या रविवारी दुपारी मला मागच्या व्हरांड्यातून घरघर ऐकू आली. गेले तर आई फरशीवर मांडी घालून बसलेली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, समोर बाबांचं कॅबिनेट आडवं, आणि हातात बाबांचं ड्रिल मशीन. एक भोक चुकीच्या जागी पडलं होतं.

"आई! काय करतेस?"

"तू सांगितलं नाहीस कुठे ते. इथली रिव्हेट का तिथली?"

"तू नाही म्हणालीस ना कापायला."

"म्हणाले होते." तिने ड्रिल मांडीवर ठेवलं. "मला वाटत होतं, त्यांचं सगळं होतं तसं ठेवलं की घर त्यांचं राहील. रोज कपाट पुसते मी त्यांचं. आणि तू तिकडे पडलेली असतेस मेल्यासारखी. हे असतात का आता इथे? नाहीत. तू आहेस. मला तू हवी आहेस, हा डबा नको."

मी खाली बसले आणि रिव्हेट दाखवल्या. कॅबिनेट हलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि आईने एकेक रिव्हेट उडवली. तिचा हात चांगला होता. जाळी सुटून बाहेर आली. लोखंडाचा चुरा आत राहिला तर बोर्ड जळेल, म्हणून मी रंगाच्या ब्रशने आणि ओल्या फडक्याने कोपरान् कोपरा पुसला. मग पलंगाखालची खोकी ओढली. बोर्ड, रॅम, एसएमपीएस. शेवटी कार्ड. ते सरळ आत गेलं आणि पुढे चांगली वीतभर जागा उरली.

टेबलावर ठेवून तारा लावल्या. आई तोवर हात धुऊन देवघरात गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"हे कशाला?"

"नवीन वस्तू आहे."

"आई, दुरुस्ती ना?"

"दुरुस्ती कसली डोंबलाची. आत सगळं नवीन आहे. खोटं किती दिवस बोलायचं? तुझ्या आत्याला मी सांगीन काय ते."

मी करंड्यासाठी हात पुढे केला, पण तिने तो दिला नाही. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून तिने कॅबिनेटच्या वरच्या कडेला टेकवलं. मग तेच बोट सवयीने तिच्या कपाळाकडे गेलं. दुसऱ्याला लावलं की बायका स्वतःलाही लावतात, तसं. बाबा गेल्यापासून तिने कुंकू सोडलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच. कपाळापाशी जाऊन बोट थांबलं. तिने ते तसंच क्षणभर हवेत धरलं, मग पदराला पुसलं आणि म्हणाली, "हं, कर आता चालू."

बाबा गेले हे मला तेव्हा कळलं. मी बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर उजेड आला. "हेच का ते जंगल?" असं आई विचारत होती, आणि ते जंगल नव्हतं, नुसती सुरुवातीची पाटी होती, पण तेवढंही मला तिला सांगता येईना, इतकं मला रडू येत होतं.