दोन कंपन्या, एक रूळ आणि दादा

माझा थोरला भाऊ मला भेटायला जर्मनीत आला आणि न भेटताच परत गेला, यात त्याची काहीही चूक नव्हती. माझी होती. (हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली, तेव्हा जरा सावकाश वाचा.)

साठ सालानंतरची गोष्ट. न्युरेम्बर्गजवळच्या एका गावात मी कारखान्यात नोकरीला होतो. गावातून न्युरेम्बर्गला एकाच रुळावरून दोन कंपन्यांच्या गाड्या जात. एक मोठी कंपनी, एक छोटी. रूळ एक, स्टेशन एक, पण तिकिटांच्या खिडक्या दोन, वेळापत्रकं दोन आणि तोंडं दोन दिशांना! एकीचं तिकीट दुसरीत चालत नसे. मोठीच्या खिडकीवर छोटीची वेळ विचारली, की आतला माणूस खिडकीच लावून घेई. आमच्या कोकणातल्या भाऊबंदांनी इथे येऊन धडे घ्यावेत!

मी छोटीचा कट्टर. आमचे घरमालक हूबरसाहेब छोटीचे गार्ड होते ना! मोठीच्या गाडीत पाय ठेवणं म्हणजे त्यांच्या खोलीत राहून त्यांच्याशीच गद्दारी!

आणि अशात दादाचं पत्र आलं. कंपनीच्या कामाला तो हॅम्बुर्गला निघाला होता, न्युरेम्बर्गला गाडी बदलायची होती, मध्ये अडीच तास. आम्ही सहा वर्षं भेटलो नव्हतो. वडील गेले तेव्हा मी इथून हललो नाही. सगळं दादानेच निस्तरलं. वर मीच त्याला नको ते पत्र लिहिलं. आता समोरासमोर "दादा, माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. दाढी करताना रोज आरशासमोर म्हणून बघत होतो. मी उलटटपाली कळवलं, "स्टेशनावरच थांब. मी घ्यायला येतो."

निघताना माझी बायको निर्मला म्हणाली, "अहो, मोठीची गाडी वीस मिनिटं आधी आहे. तिने जा ना!"

"पास छोटीचा आहे!"

"आज एक दिवस!"

"हूबरसाहेबांना काय वाटेल?"

(दादाला काय वाटेल, हे आम्हा दोघांपैकी एकीलाच सुचलं होतं.)

तिने दादासाठी विणलेला स्वेटर पिशवीत घालून मी छोटीत बसलो. तिकडे दादाने पंधरा मिनिटं वाट पाहिली. आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ द्यायचा नाही, या त्याच्या खोडीपायी आमच्या घरात सगळ्यांना आयुष्यभर त्रास झालेला आहे. "त्याला कशाला हेलपाटा!" म्हणून तो समोर आलेल्या मोठीच्या गाडीत बसून आमच्या गावाकडे निघाला!

वाटेतल्या स्टेशनात मोठीच्या गाडीला वाट द्यायला आमची गाडी थांबायची. ती आली, शेजारी उभी राहिली, आणि समोरच्या खिडकीत दादा! केस पांढरे झाले होते. मला एकदम भरून आलं.

"दादा! हलू नकोस! मी येतो!"

"अरे, तू बस! मीच येतो!"

जागा जाऊ नये म्हणून मी पिशवी सीटवर टाकली आणि उतरलो. (जर्मनीत सहा वर्षं राहूनही ही सवय सुटली नव्हती.) फलाट दोन्ही गाड्यांच्या बाहेरच्या बाजूंना. मी मागच्या टोकाने वळसा घालून धावलो, दादा पुढच्या टोकाने. मोठीत शिरून त्याच्या सीटपाशी पोचलो, तर सीटवर त्याचीही पिशवी! आणि समोर, माझ्या खिडकीत, दादा. दोन्ही गाड्या एकदमच हलल्या. त्याने हात केला. मीही केला. दुसरं काय करणार?

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. माझा पास त्याने चिमटीत धरला.

"हं, हा पास आमचा नाही."

"हो, हो, पण माझा भाऊ..."

"नाव? जन्मगाव? वडिलांचं नाव?"

आमच्या गावच्या फलाटावर उभं राहून दंडाच्या कागदासाठी मी वडिलांचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. मी सांगत असताना समोरून न्युरेम्बर्गची गाडी निघून गेली. पुढची गाठून पोचलो तेव्हा दादाची हॅम्बुर्गची गाडी सुटली होती. फलाटावर छोटीचे गार्ड हूबरसाहेब तेवढे भेटले. "तुमचे बंधू फार सज्जन!" म्हणाले. "त्यांना मी तिकीटही विचारलं नाही!"

महिन्याभराने पत्र आलं. "स्वेटर अगदी बरोबर बसला. पिशवीतले तुझ्या वहिनीचे लाडू खाल्लेस ना? पुढच्या वेळी मी स्टेशनावरच थांबेन."

पुढची वेळ आली नाही. दोन वर्षांत दादा गेला.

पुढे छोटी कंपनी मोठीत विलीन झाली. भांडण संपलं, आता एकच तिकीट सगळीकडे चालतं. मला मात्र त्या नको त्या पत्रानंतर एकदाच दादाशी समोरासमोर बोलायला अर्धं मिनिट मिळालं होतं. माफी मागायला आलेल्या या शहाण्याने त्यात थोरल्या भावाला काय सांगितलं? "हलू नकोस!"