मास्क गळ्यात

पिंपरीच्या दवाखान्यात आबांच्या कानाला हेडफोन लावायला येणारी मुलगी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. म्युझिक थेरपी म्हणे! बासरीचा संथ सूर लावायची आणि सांगायची, ‘‘काका, गायचं नाही. सुरासोबत हळूहळू श्वास सोडायचा.’’ माझ्या वडिलांना आजवर सगळे ‘गा’च म्हणत आले. हिने ‘गाऊ नका’ म्हटलं तेव्हा मनात आलं, फार उशिरा आलीस बाई.

आबा भोसरीच्या एका फाउंड्रीत होते. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांवरची वाळू हातोड्याने झाडायचं काम. चौघे अभंगाच्या ठेक्यावर ठोकायचे. आबा पुढे म्हणायचे, बाकीचे मागे धरायचे. मास्क होते, नव्हते असं नाही. पण मास्क लावून गाता येत नाही, म्हणून ते गळ्यात लोंबायचे. सुपरवायझर काणाडोळा करायचा. गाणं असलं की माल भराभर निघतो, एवढं त्याला बरोबर कळायचं. कंपनीच्या कार्यक्रमात आबांना गाण्यासाठी शाल मिळाली. मी टाळ्या पिटल्या, शाळेत मिरवलं. माझा राग माझ्यावरही आहे.

त्या वाळूची धूळ आता त्यांच्या फुप्फुसांत बसली आहे. संडासापर्यंत गेले तरी धाप लागते.

पण खोटं कशाला बोलू? बासरीने फरक पडत होता. दहा मिनिटांत खांदे खाली यायचे, डोळ्यांतली भीती ओसरायची. मी तिचे साधे आभारही मानले नाहीत.

चौथ्या दिवशी आबांनी अभंग मागितला. ऑक्सिजन काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलीने हेडफोन बाजूला ठेवून तो मोबाइलवर लावला, आवाज अगदी बारीक ठेवला. पहिला चरण आबांनी डोळे मिटून ऐकला. धृपद परत आलं आणि त्यांनी ऑक्सिजनचा मास्क सवयीने खाली ओढून गळ्यात घेतला. दीड ओळ म्हटली. आवाज तोच होता. ऑक्सिजन मोजणारं मशीन कोकलायला लागलं.

मी मास्क खसकन वर चढवला आणि दाबून धरला. ‘‘पुरे झालं गाणं, आबा!’’

‘‘आगं, मागं कुनी तरी धरा की,’’ ते आतून म्हणाले.

मी धरलं नाही. मशीनवरचा आकडा वर चढेपर्यंत त्यांच्या तोंडावरचा हात काढला नाही.