पाठ असलेला कवी

एटोबिको या उपनगरातून दोन बस बदलून मी युनिव्हर्सिटीतल्या माझ्या प्रोफेसर बाईच्या ऑफिसात पोचले, तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नागपूरच्या कॉलेजात मी बारा वर्षं सतराव्या शतकातले इंग्रज कवी शिकवले होते. इथे परदेशात त्या बारा वर्षांना कुत्रंही विचारेना, म्हणून चाळिशीत पुन्हा एम.ए.ला बसले. डिग्री मिळाली तर शिकवायला मिळणार; नाहीतर ग्रोसरी स्टोअरचा काउंटर होताच.

बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिने माझा निबंध टेबलावर ठेवला आणि शेजारी एका जुन्या समीक्षकाचं पुस्तक उघडलं. वेल्समधल्या एका भाविक कवीवरची माझी तीन पानं आणि पुस्तकातली तीन पानं, शब्द न् शब्द तोच.

"हे कॉपी केलंय?"

"कॉपी? छे! पुस्तकाला हातसुद्धा लावला नाही. मला पाठ आहे!" मी ठसक्यात म्हटलं. वर हेही सांगितलं, की कॉलेजात आमच्या सरांनी ते आम्हाला डिक्टेट केलं, मी माझ्या वर्गातल्या मुलींना केलं, आणि एका स्वल्पविरामाचीही चूक होऊ दिली नाही.

तिने एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "ही फाइल चौकशी कमिटीकडे गेली तर तुमची अ‍ॅडमिशन रद्द होईल. त्यापेक्षा ही त्याच कवीची कविता घ्या, इथेच बसा आणि तुम्हाला काय वाटतं ते लिहा."

मला काय वाटतं! अगं बये, मला काय वाटायचंय? असा संताप आला म्हणून सांगू! अर्धा तास पेन चावत बसले. जे सुचे ते सरांचंच. सरांचा राग आला, आणि त्या मेल्या कवीचाही. त्याने सदानकदा आपलं बालपण किती निर्मळ होतं म्हणून गळा काढायचा आणि आम्ही माना डोलवायच्या! शेवटी रागाच्या भरात लिहिलं, हा माणूस मला मुळीच आवडत नाही. का आवडत नाही, त्याची दोन पानं खरडली.

तिने वाचलं. "हे चालेल," म्हणाली आणि जुना निबंध मला परत दिला.

अ‍ॅडमिशन वाचली होती, पण बसमध्ये बसल्यावर जरासुद्धा बरं वाटेना. नागपूरला एक मुलगी भर वर्गात उभी राहून हेच म्हणाली होती, "मॅडम, मला नाही आवडत हा कवी." मी तिला वर्गाबाहेर काढलं होतं. पुढच्याच आठवड्यात तिने इंग्रजी सोडलं.